संसाराचा हिशेब : मामींची वही आणि मामांचे यंत्र

ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना एक गोष्ट पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. वस्तूची किंमत निराळी आणि वस्तूचा खर्च निराळा. प्रेशर कुकर घेताना आपण कुकरची किंमत मोजतो. पुढे रिंग, शिट्टी आणि झडप ह्यांचे पैसे वर्षानुवर्षे मोजीत राहतो. पाणी गाळण्याचे यंत्र एकदा भिंतीवर बसते, पण त्याचे फिल्टर दर वर्षी बदलावे लागतात. दुकानात गृहिणीने विचारावयाचा खरा प्रश्न म्हणूनच "केवढ्याला?" एवढाच नसतो, "त्यातील कोणता भाग किती दिवस टिकेल?" हाही असतो. आज ज्या वस्तूचा हिशेब मांडावयाचा आहे ती स्वयंपाकघरातील नव्हे. तरी तिचा जमाखर्च मला सापडला तो एका स्वयंपाकघरातल्या वहीतच.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे भिलाईला गेले होते. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही ओळखीची स्थानके मागे टाकीत गाडी दुर्गला पोहोचली, की आमचे आजोळ आलेच. मामांची सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर झाली. ह्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते सुरू झाली. मामा तेथे रुजू झाले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. पण ही तारीख ते घरच्या मंगलकार्याच्या तारखेसारखी सांगतात. निवृत्तीनंतर सेक्टरमधील क्वार्टर सोडून त्यांनी वैशाली नगरात लहानसे घर बांधले. घरात मामा, मामी, मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू अशी पाच माणसे.

मामा तरुणपणापासून सिगारेट ओढतात. दिवसाला दहा. मामींनी त्यावर कधी भांडण काढले नाही. त्यांनी फक्त ते लिहून ठेवले. लाल कापडी बांधणीच्या त्यांच्या लांब वहीत किराणा, दूध, वीज, औषधे ह्यांच्या खाली "सिगारेट" ही ओळ दर महिन्याला असते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणे आटोपल्यावर मामींनी ती वही माझ्यापुढे ठेवली.

"तू मासिकात लोकांचे हिशेब मांडतेस ना? मग आता घरचा मांड. तुझ्या मामांचं यंत्र स्वस्त, की सिगारेट स्वस्त, एवढंच मला सांग."

जून महिन्यापासून वहीत तीन नव्या ओळी आल्या होत्या : "यंत्र", "नळी" आणि "रस". मामांनी ई-सिगारेटचा नवशिक्यांसाठी असतो तो संच आणविला होता. सिगारेट सुटावी हाच त्यांचा हेतू होता, आणि तो हेतू प्रामाणिक होता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. पहाटेचा खोकला वाढला होता. नातू जवळ येऊन "आजोबा, वास येतो" म्हणाला होता. कोणा ओळखीच्याने एक क्रमांक दिला, आणि वस्तू घरपोच आली.

"विकणाऱ्यानं सांगितलं होतं, एकदा घेतलं की दोन वर्षं बघायला नको," मामा म्हणाले. यंत्र मात्र पाचव्या महिन्याच्या अखेरीस बंद पडले होते.

डब्यात एक घडीचे माहितीपत्रक होते. बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले. परक्या भाषेतील मजकूर मराठीत आणणे हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. वाचता वाचता ध्यानात आले, की त्या डबीत एक वस्तू नसून तीन आहेत, आणि तिन्हींचे आयुष्य वेगवेगळे आहे.

पहिली बॅटरी. नवशिक्यांच्या संचात ती बहुधा आतच बसविलेली असते. बदलता येत नाही. ती मोबाइलमध्ये असते तशीच लिथियम-आयन जातीची. अशी बॅटरी साधारणतः तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज होईपर्यंत चांगले काम देते. पुढे तिची साठवणशक्ती उतरत जाते. दिवसातून एकदा चार्जिंग केले तर हे आयुष्य दहा महिन्यांपासून सव्वा-दीड वर्षापर्यंत भरते. परंतु लहान यंत्रात बॅटरीही लहान असते. जुना सिगारेट ओढणारा तिला दिवसातून दोनदा चार्ज करतो, आणि मग तेच आयुष्य निम्म्यावर येते. त्यात मोबाइलचा भलताच शक्तिशाली चार्जर लावला, यंत्र उन्हात मोटारीत राहिले किंवा रात्रभर चार्जिंगला लावून ठेवले, तर बॅटरी त्याहूनही लवकर थकते. क्वचित फुगते किंवा पेटही घेते. मामांचे यंत्र शेवटच्या आठवड्यात हाताला गरम लागत होते, असे मामींनी सांगितले. ते वेळीच बंद पडले हे बरेच झाले म्हणावयाचे.

दुसरी वस्तू म्हणजे मामींच्या वहीतील "नळी". हिला पॉड म्हणतात. तिच्यात सुमारे दोन मिलिलिटर द्रव मावतो, आणि तळाशी कापसाभोवती गुंडाळलेली बारीक तार असते, ती कॉइल. विजेने तार तापते, कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते, आणि ती वाफ ओढणाऱ्याच्या छातीत जाते. ही तार व हा कापूस एक ते दोन आठवडेच टिकतो. द्रव जितका गोड, तितकी तारेवर काजळी लवकर धरते. नवी नळी भरल्यावर कापूस पूर्ण भिजण्यासाठी पाच-दहा मिनिटे थांबावे लागते; न थांबता ओढल्यास कापूस पहिल्याच दिवशी जळतो आणि नळी फुकट जाते. मामांच्या पहिल्या दोन नळ्या अशाच गेल्या.

हे मी समजावून सांगत असताना मामा हसले. म्हणाले, "म्हणजे आमच्या भट्टीसारखंच की! बाहेरचा पोलादी सांगाडा वर्षानुवर्षं उभा असतो. खर्च येतो तो आतल्या अस्तराच्या विटांचा." मामांना सारा हिशेब त्या एका वाक्यात कळला होता. फक्त झोतभट्टीचे अस्तर काही वर्षे चालते, आणि ह्या भट्टीचे दहा दिवस.

तिसरी वस्तू "रस". प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि निकोटीन ह्यांचे हे मिश्रण असते. मामांना दिवसाला दोन मिलिलिटर लागत असे. तीस मिलिलिटरची बाटली पंधरा दिवसांत संपे. बाटलीवर फळांचे रंगीत चित्र होते, कारखान्याचा पत्ता नव्हता, आणि एका कोपऱ्यात ५० हा आकडा होता. दर मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम निकोटीन असा त्याचा अर्थ. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटीन जाते. त्या बाटलीत, तिच्यावरचा आकडा खरा मानला तर, दीड हजार मिलिग्रॅम होते. ओढताना त्यातील सारेच अंगात जात नाही; परंतु बाटली उघडून एखाद्या बालकाने तोंडाला लावली तर अनर्थ ओढवू शकतो. निकोटीनचा असा द्रव कातडीतूनही शरीरात शिरतो. हे ऐकल्यावर मामी काही बोलल्या नाहीत. उठल्या, टीपॉयवरची बाटली उचलली आणि कपाटात कुलपात ठेवून आल्या. नातू तेव्हा त्याच टीपॉयखाली आगगाडी खेळत होता.

आता वहीतले आकडे. सोयीसाठी प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरू.

पूर्वी मामा दिवसाला दहा सिगारेटी ओढीत. एकीस पंधरा रुपये, म्हणजे दिवसाला दीडशे आणि महिन्याला ४,५०० रुपये. संच आला २,४०० रुपयांना. नंतर महिन्याला हजार रुपयांच्या दोन बाटल्या, म्हणजे २,००० रुपये. आणि तीनशे रुपयांच्या तीन नळ्या, म्हणजे ९०० रुपये. चालू खर्च २,९००. विकणाऱ्याने मांडून दाखविलेला हिशेब असा होता, की सिगारेट बंद होणार, महिन्याला १,६०० रुपये वाचणार, आणि दीड महिन्यात संचाचे पैसे फिटणार. ह्या गणितात एकही बेरीज चुकीची नाही.

चूक आहे ती गृहीत धरण्यात. सिगारेट बंद झालीच नाही. दहाच्या सहा झाल्या आणि सहावरच राहिल्या. घरात यंत्र आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगारेट, असा दुहेरी क्रम सुरू झाला. सहा सिगारेटींचे महिन्याला २,७०० रुपये. त्यांत यंत्राचा चालू खर्च २,९०० मिळविला की ५,६०० होतात. पाच महिन्यांचे २८,०००, अधिक संचाची किंमत २,४००, एकूण ३०,४००. नुसत्या सिगारेटी पूर्वीप्रमाणे चालू राहिल्या असत्या तर खर्च झाला असता २२,५००. काटकसर म्हणून आणलेल्या वस्तूने पाच महिन्यांत ७,९०० रुपये अधिक नेले, दरमहा १,५८०. संच दोन वर्षे टिकला असता तरी हा तोटा नाहीसा झाला नसता. महिन्याला १,२०० रुपयांवर आला असता, इतकेच. बॅटरी किती दिवस टिकते हा प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु तिच्यापेक्षा सिगारेट किती दिवस टिकते हा प्रश्न मोठा होता, आणि तो डबीवर कोठेही छापलेला नव्हता.

"पण चार कमी झाल्या ना?" मामांनी विचारले. प्रश्न योग्य होता. कमी होणे चांगलेच. परंतु चार सिगारेटी सुटल्या म्हणजे दहातील चार हिस्से धोका टळला, असे होत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याचा सुमारे निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यातून दिसले. हृदयाच्या बाबतीत लाभाचा मोठा वाटा शेवटची सिगारेट सुटते तेव्हाच पदरात पडतो. दोन्ही चालू ठेवणारा मनुष्य दोन्हींचे पैसे देतो, आणि मिळावयाचा लाभ मात्र बहुतांशी तसाच राहून जातो.

ह्यानंतर कायद्याचा विषय निघाला, आणि तो निघणे भागच होते. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला व ई-सिगारेटवर बंदी आली. त्याच वर्षी मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. पुढे संसदेने कायदा संमत केला आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ह्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात ह्या सर्वांस मनाई आहे. विक्री, आयात वगैरे प्रथमच करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणीस सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. परदेशाहून येणाऱ्या मुलाने किंवा पुतण्याने सामानात एक संच आणणे हीदेखील आयातच होय, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

काटकसरीच्या दृष्टीनेही ह्या कायद्याचा एक परिणाम आहे. जी वस्तू उघड विकता येत नाही, तिची पावती मिळत नाही. पावती नाही म्हणून हमी नाही. हमी नाही म्हणून दुरुस्ती नाही. बाटलीवरचा आकडा खरा की खोटा हे तपासणारे कोणी नाही. मामांनी बंद पडलेल्या यंत्राविषयी त्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा तो क्रमांकच लागेना. तक्रार कोणाकडे करावयाची? ग्राहकाचे सारे हक्क पावतीपासून सुरू होतात, हे ह्या सदरात आम्ही अनेकदा लिहिले आहे. चोरट्या बाजारात चांगला सौदा असा नसतोच. जो मिळतो तो केवळ योगायोग.

मामांनी आणखी एक मुद्दा काढला. विलायतेत तर डॉक्टरच हे यंत्र सुचवितात, असे त्यांनी ऐकले होते. हेही पुरते खोटे नाही. ब्रिटनमध्ये प्रौढ धूम्रपानी माणसाला सिगारेट पूर्णपणे सोडण्यासाठी ई-सिगारेटचा उपयोग करता येतो, आणि तेथील आरोग्यसेवा त्यास साहाय्यही करते. तंबाखू जळत नसल्यामुळे तिच्या वाफेत सिगारेटच्या धुराइतके डांबर व कार्बन मोनॉक्साइड नसतात. निकोटीन-गमसारख्या उपायांच्या तुलनेत ह्या यंत्राने काहीसे अधिक लोक सिगारेट सोडतात, असे कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही दिसले आहे. परंतु तेथे नियमांचे कुंपण आहे : द्रवाची बाटली दहा मिलिलिटरपेक्षा मोठी नको, टाकी दोन मिलिलिटरपेक्षा मोठी नको, निकोटीन दर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमच्या वर नको. मामांच्या बाटलीतील आकडा ह्या मर्यादेच्या अडीचपट होता. एकदा वापरून फेकून द्यावयाच्या यंत्रांची विक्री तर तेथेही १ जून २०२५ पासून बंद झाली आहे. शिवाय ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने, विशेषतः मुलांनी, ह्या वस्तूला हात लावू नये, ह्याविषयी तेथील डॉक्टरांतही दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सर्व देशांना ह्याच कारणासाठी कडक उपाय योजण्याचे आवाहन केले. विलायतेतील सल्ला विलायतेतील कुंपणासह येतो; तो सुटा करून भिलाईला आणता येत नाही.

"मग मी काय करू?" मामांनी विचारले. त्यांच्या स्वरात चीड नव्हती. पाच महिने प्रयत्न करून हरलेल्या माणसाचा तो स्वर होता, आणि त्याला नुसता उपदेश देऊन भागणार नव्हते.

आपल्या देशात उघडपणे, पावतीसह आणि कमी खर्चात मिळणारे उपाय आहेत. पहिला उपाय फुकट आहे. सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक केवळ शोभेसाठी नाही. २०१६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा तो क्रमांक आहे. त्यावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, सोडण्याचा दिवस ठरवून देतात आणि पुढे स्वतः फोन करून चौकशीही करतात. अनेक जिल्हा रुग्णालयांतून तंबाखूमुक्ती केंद्रेही आहेत.

दुसरा उपाय निकोटीन-गमचा. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत निकोटीनच्या ह्या पर्यायी उपचाराचा समावेश झाला आहे. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळावयाचा नसतो, आणि बहुतेकांची फसगत तेथेच होते. जिभेला चुरचुर लागेपर्यंत हळूहळू चावावा, मग गाल व हिरडी ह्यांच्यामध्ये ठेवून द्यावा; चुरचुर ओसरली की पुन्हा थोडा चावावा. असे अर्धा तास. घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि तोंडात व्रण असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मामांनी सेक्टर नऊच्या रुग्णालयात जाऊन विचारले.

ह्याचाही हिशेब मी मामींच्या वहीत मांडला. पहिले चार आठवडे दिवसाला दहा, पुढचे चार आठवडे सहा, शेवटचे चार आठवडे तीन. एकूण ५३२ गोळ्या. एकीस दहा रुपये धरले तर ५,३२० रुपये. यंत्राने पाच महिन्यांत नेलेल्या अधिक रकमेहून हे कमीच. आणि ह्या खर्चाला शेवट आहे. तीन महिन्यांनी ही ओळ वहीतून नाहीशी व्हावयाची असते.

येथे हा लेख संपावयास हवा होता. परंतु वहीची पाने उलटताना "दंतमंजन" ह्या ओळीपाशी माझे बोट थांबले. पाच माणसांच्या घरात मंजनाच्या महिन्याला इतक्या डब्या कशा? मामी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते माझं गुडाखू आहे."

छत्तीसगडात राहिलेल्यांना गुडाखू सांगावयास नको. तंबाखू आणि गुळाची मळी ह्यांचा तो लगदा बायका सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात. आपल्याकडे मिश्री असते, तसाच हा प्रकार. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत छत्तीसगडातील सुमारे ३९ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे सुमारे साडेपाच टक्के. धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र ३६ टक्के होते. धूर दिसतो म्हणून त्यावर घरात चर्चा होते. लगदा दिसत नाही, आणि तो मंजनाच्या ओळीत लपून बसतो.

"चाळीस वर्षं लावते. ह्याला कोण व्यसन म्हणतं?" मामी म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पण एक दिवस नाही लावलं तर डोकं दुखतं, हे खरं." मामांनी आयुष्यभर मामींकडून सिगारेटचे बोलणे ऐकले होते. त्या दिवशी त्यांना सूड घेण्याची उत्तम संधी होती. ती त्यांनी घेतली नाही. ते म्हणाले, "तो क्रमांक दोघांसाठी चालतो का, ते विचार." चालतो, तंबाखू कोणत्याही रूपातली असो.

ह्या गोष्टीला आता बारा आठवडे होऊन गेले. परवा मामींचा फोन आला होता. मामांनी एका लग्नात मांडवामागे जाऊन दोन सिगारेटी ओढल्या, घरी येऊन स्वतःच सांगितल्या, आणि मामींनी त्या वहीत मांडल्या : तीस रुपये. त्यानंतर सहा आठवड्यांत त्या ओळीत काहीही नाही. पहाटेचा खोकला पूर्वीपेक्षा कमी आहे. मामींचे मात्र अजून पुरते सुटलेले नाही. सकाळचे बंद झाले, संध्याकाळचे राहिले आहे. समुपदेशकाचा पुढचा फोन येणार आहे. "माझं कठीण आहे गं," त्या म्हणाल्या. ते खरे आहे, आणि खरे म्हणून येथे लिहिले आहे.

त्या बंद पडलेल्या यंत्राचे काय झाले, हेही सांगून ठेवते. कारण अशी वस्तू आणखी घरांत पडून असणे शक्य आहे. बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये; कचरागाडीत दाबली गेली तर ती पेटू शकते. मामांच्या मुलाने ते यंत्र ई-कचरा घेणाऱ्यांकडे नेऊन दिले. उरलेली बाटली मोरीत ओतू न देता घट्ट बंद केली आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी दिली.

वाचक-भगिनींनो, आज रात्री आपापली वही उघडून एक काम करा. सिगारेट, विडी, तंबाखू, मिश्री, गुडाखू, आणि असल्यास हे नवे यंत्र, ह्या सर्वांना एकाच ओळीत आणा. मंजनाच्या किंवा किरकोळ खर्चाच्या ओळीत त्यांना लपू देऊ नका. वर्षाची बेरीज करा, आणि ती घरातील सर्वांना, स्वतःलाही, मोठ्याने वाचून दाखवा. मामींची बेरीज मामांच्या सिगारेटपुरती वर्षाला ५४,००० रुपये होती. ह्या पैशांचे काय करावयाचे ह्यावर सध्या वैशाली नगरात वाद चालू आहे. मामांना नातवासाठी सायकल घ्यावयाची आहे. मामींच्या मते आधी स्वयंपाकघराच्या गळक्या छताची दुरुस्ती व्हावी. निकाल लागला की कळवीन.